काचेआडच्या जीवाचा रोजमेळ

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत गेलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाठ केलेले असतात : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जीवाला बांधून किंवा कोंडून ठेवणे, त्याला मारणे, त्याचे अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी अडविणे, असा त्यांचा सरळ अर्थ. हे शब्द उच्चारताना डोळ्यांसमोर येतो तो गाडीचा बैल किंवा टांग्याचा घोडा. आज आपल्या घरांत बैलही नाही आणि घोडाही नाही. त्यामुळे हे अतिचार आपल्याला लागू होत नाहीत, असा आपला समज झालेला आहे. परंतु घरात हौसेने आणलेल्या प्राण्याच्या बाबतीत यांतील पहिला अतिचार पेटी किंवा पिंजरा घरात येतो त्याच दिवशी सुरू होतो. त्या प्राण्याला कोणी मारत नाही, उपाशीही ठेवत नाही. तरीही तो बांधलेला असतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात अनेक वर्षे हळदीची अडत सांभाळलेले एक वयोवृद्ध गृहस्थ गेल्या हिवाळ्यात सपत्नीक मुलाकडे न्यू जर्सीला गेले. बारा वर्षांच्या नातवाच्या खोलीत एक मोठी काचेची पेटी होती आणि तीत दिव्याखाली एक सरडा निवांत पसरलेला होता. नातवाचा एक वर्गमित्र कुटुंबासह दुसऱ्या राज्यात राहावयास गेला. जाताना चार वर्षांचा हा प्राणी या घरी देऊन गेला. आजींनी दारातूनच कपाळाला हात लावला. आजोबा मात्र दुपारी वर्तमानपत्र घेऊन त्याच खोलीत बसू लागले, कारण घरात सर्वांत ऊबदार जागा तीच होती.

पेढीवर बसणाऱ्या माणसाला समोरच्याकडे न बोलता पाहत राहण्याची सवय असते. तीन-चार दुपारींत त्यांच्या लक्षात आले की हा सरडा बराच वेळ निपचित पडतो आणि मग अचानक काचेला पोट टेकून उभा राहतो. पुढच्या पायांनी काच ओरबाडत तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, पुन्हा परत येतो. कधी दहा मिनिटे, कधी अर्धा तास.

"हा दार शोधतोय रे," आजोबा म्हणाले.

"नाही आजोबा, हे सगळेच असं करतात," नातवाने उत्तर दिले. "तुम्ही काळजी करू नका. तो खातो नीट."

"खातो ते ठीक. पण दिवसभर त्याला काम काय?"

या प्रश्नाचे उत्तर नातवाजवळ नव्हते. पुढील सहा आठवडे त्या घरात जे घडले, ते या एका प्रश्नातून घडले.

या प्राण्याचे इंग्रजी नाव बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा. गळ्याखालची काटेरी कातडी तो फुगवितो तेव्हा दाढीसारखी दिसते आणि राग किंवा भीती असेल तर ती काळी पडते. त्याचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडी, विरळ झाडीची जमीन. तेथे तो सकाळी कुंपणाच्या खांबावर किंवा मोडक्या फांदीवर चढून ऊन घेतो, अंग तापले की खाली उतरून पाने, फुले आणि कीटक शोधीत हिंडतो, दुपारी सावलीत किंवा बिळात शिरतो. शेपटीसह त्याची लांबी दीड ते दोन फूट भरते. उत्तम देखभालीत तो आठ ते बारा वर्षे जगतो. ऑस्ट्रेलियाने आपले जिवंत वन्यजीव व्यापारासाठी परदेशी नेण्यास केव्हाच बंदी घातलेली आहे. अमेरिकेत आणि युरोपात आज विकले जाणारे हे सरडे तेथेच पिढ्यान्पिढ्या पेट्यांमध्ये जन्मलेले असतात. म्हणून त्यांना मोकळ्या रानाची ओढ नसते, असे काही पाळणारे म्हणतात. रान पाहिले नाही म्हणून चढण्याची, खणण्याची आणि शोधण्याची वृत्ती मात्र नष्ट होत नाही. ती देहासोबतच येते.

जैन तत्त्वविचाराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. अंड्यातून जन्मणारा सरडा हा गर्भज पंचेंद्रिय तिर्यंच, आणि म्हणून संज्ञी, म्हणजे मन असलेला जीव होय. शिकणे, संकेत ओळखणे, हितकारक काय आणि अहितकारक काय याचा निवाडा करणे हे संज्ञी जीवाचे लक्षण मानलेले आहे. आधुनिक संशोधकांनी हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने पडताळून पाहिली. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातील ॲना विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकणारे जाळीचे दार डोक्याने बाजूला सारून पलीकडचे खाद्य मिळविण्यास एका दाढीवाल्या सरड्याला शिकविले होते. त्याचे ते कृत्य ज्या सरड्यांनी पाहिले, त्यांनी तसेच डोके लावून दार सारले. ज्यांना केवळ आपोआप सरकणारे दार दाखविले, त्यांना ते जमले नाही. दुसऱ्याचे पाहून शिकण्याची ही शक्ती सरपटणाऱ्या प्राण्यांत असेल, असे तोवर फारसे कोणी मानत नव्हते. २०१६ मध्ये फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक संस्थेतील संशोधकांना याच प्राण्याच्या मेंदूत गाढ झोप आणि डोळ्यांची हालचाल होणारी झोप अशा दोन्ही अवस्था आढळल्या. माणसात ही दुसरी अवस्था स्वप्नांशी जोडली जाते.

ज्याला मन आहे, त्याला नुसते अन्न, पाणी आणि ऊब पुरत नाही. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने पाळीव प्राण्याच्या गरजांमध्ये स्वाभाविक वर्तन करता येण्याची गरजही गणली आहे, आणि पेटीतला सरडाही त्या कायद्याच्या कक्षेत येतो.

आधी ऊन, मग उद्योग

आजोबांच्या आग्रहावरून सरड्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की सुस्त सरडा कंटाळलेला असतोच असे नाही. तो पुष्कळदा गारठलेला असतो. त्याच्या शरीरात स्वतःची उष्णता नसते. शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग सुमारे ४० अंश सेल्सिअस, तर पेटीचे दुसरे टोक सुमारे २५ अंश असले पाहिजे, म्हणजे त्याला आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलता येते. केवळ उष्णता देणारा दिवा पुरत नाही. अतिनील किरण देणारा वेगळा दिवा लागतो. तो नसेल तर कॅल्शियम शरीरात मुरत नाही आणि हाडे मऊ पडतात. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, म्हणून पेटी खिडकीशी ठेवली की काम झाले, हा समज चुकीचा. दिवा दिसावयास पेटलेला असला तरी त्यातील अतिनील किरण कालांतराने क्षीण होतात. सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागतो. या घरचा दिवा मित्राकडून पेटीसोबतच आलेला होता आणि तो कधी बदलला होता, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

पेटीही अपुरी होती. पूर्ण वाढलेल्या सरड्याला किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा हवी, आणि तीही कमीत कमी. दिवा नवा आला, मोठी पेटी आली, तिच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला. काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसले की त्याला दुसरा सरडा हद्दीत शिरल्यासारखे वाटते. काच ओरबाडण्याचे तेही एक कारण असते. याच कारणास्तव त्याला 'सोबत' म्हणून दुसरा सरडा आणू नये. हा एकलकोंडा प्राणी आहे. दोन नर एकत्र ठेवले तर जखमा निश्चित.

चढणे, खणणे, शोधणे

यानंतर उद्योगाचा विचार. अंगणातली पडलेली जाड फांदी आणून, घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून ती तिरकी बसविली. तिचे एक टोक दिव्याच्या जवळ, पण अंग भाजणार नाही इतक्या अंतरावर ठेवले. खाली सपाट खडबडीत दगड ठेवले. त्यांवर चालताना नखे आपोआप झिजतात. एका कोपऱ्यात लपण्यासाठी आडोसा केला. दुसऱ्या कोपऱ्यात पसरट टबात माती आणि धुतलेली वाळू मिसळून, किंचित ओलसर करून भरली. पूर्ण वाढलेला निरोगी सरडा अशा मातीत तासन्तास खणतो. पहिल्या दिवशी त्याने तिकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टबातील अर्धी माती बाहेर पडलेली होती.

सर्वांत मोठा बदल जेवणात झाला. तोवर पाला एका वाडग्यात समोर ठेवला जाई. दोन मिनिटांत जेवण संपे आणि उरलेला दिवस रिकामा. आता मोहरीची पाने, डँडेलियनची पाने, लाल भोपळ्याचा कीस आणि ढोबळी मिरचीचे तुकडे तीन ठिकाणी विभागून ठेवले जाऊ लागले. एक जुडी चिमट्याने फांदीला टांगलेली, काही तुकडे सपाट दगडाआड, काही कागदाच्या पुठ्ठ्याच्या नळीत. कधी जास्वंदीचे एखादे फूल. टांगलेले पान ओढताना त्याला मान उंचवावी लागते, तोल सांभाळावा लागतो. हाच त्याचा व्यायाम. पालक वरचेवर देऊ नये, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकते. ॲव्होकॅडो आणि ऱ्हुबार्ब तर मुळीच देऊ नयेत.

नातवाने त्याला एक खेळही शिकविला. काडीच्या टोकाला लाल मणी लावून ती समोर धरावयाची. सरड्याने मण्याकडे पाऊल टाकले की भोपळ्याचा तुकडा द्यावयाचा. या प्राण्याला रंग चांगले ओळखता येतात. पुढे मणी दिसला की तो फांदीवरून उतरून येऊ लागला. रोज पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ हा खेळ चालवू नये. त्याने तोंड फिरविले की थांबावे.

दिवसातून एकदा, अंग चांगले शेकून झाल्यावर, पंधरा-वीस मिनिटे त्याला खोलीत मोकळे सोडण्याचा क्रम ठरला. दार बंद, जमिनीवर गिळण्याजोगी कोणतीही बारीक वस्तू नाही आणि घरातले कोणीतरी सतत जवळ. उन्हाळ्यात अंगणात न्यावयाचे असल्यास अंगाला पट्टा हवा, जवळ सावली हवी आणि गवतावर कीटकनाशक मारलेले नसावे. न्यू जर्सीच्या अंगणांत जून-जुलैत काजवे चमकतात. यांतील एखादा काजवा जरी सरड्याच्या पोटात गेला तरी ते विष त्याचा प्राण घेऊ शकते.

उचलताना हात वरून आणू नये. त्याच्या डोक्यावर प्रकाश जाणणारा एक सूक्ष्म तिसरा डोळा असतो आणि वरून पडलेली सावली म्हणजे ससाणा, अशी त्याची उपजत समजूत. हात बाजूने, पोटाखाली न्यावा. हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे अनिवार्य. साल्मोनेला नावाचे जंतू या प्राण्यांच्या अंगावर असू शकतात आणि लहान मुलांना व वृद्धांना त्यांचा त्रास अधिक होतो. त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

उत्साहाच्या भरात सर्व बदल एकाच दिवशी करू नयेत. एका वेळी एकच नवी गोष्ट आणावी. दाढी काळी पडणे, अंग चपटे करणे, खाणे सोडणे ही भीतीची चिन्हे होत. तसे दिसल्यास जुनी रचना परत आणावी. एक पाय हवेत हळूहळू फिरविणे म्हणजे 'मी भांडणार नाही' असे सांगणे; ते पाहून हसून टाळ्या पिटण्याऐवजी त्याला कशाची धास्ती वाटली, ते पाहावे. उलट, थंडीच्या दिवसांत काही सरडे आठवडेच्या आठवडे झोपतात. तो त्यांचा ऋतुधर्म आहे. डॉक्टरांकडून आजार नसल्याची खात्री करून घ्यावी आणि त्याला झोपू द्यावे.

वही

हे सारे योग्य होत आहे की नाही, हे कळावे कसे? आजोबांनी नातवाला एक वही आणावयास सांगितली आणि रोजमेळासारखी दोन भागांत आखून दिली. जमेच्या बाजूला चढला किती वेळा, खणले का, अन्न कोठून शोधले, आज नवे काय ठेवले. नावेच्या बाजूला काच किती मिनिटे ओरबाडली, दाढी कधी काळी पडली, खाणे टाकले का. सोबत दोन्ही टोकांचे तापमान. सायंकाळी शिल्लक काढावयाची. पहिल्या आठवड्यात नावेची बाजू रोज भरत होती. सहाव्या आठवड्यात आठवड्यातून दोन दिवस भरू लागली. ती पूर्ण कोरी मात्र कधीच झाली नाही.

वहीत एक नोंद मात्र नातू लपवीत होता, आणि ती आजोबांच्या नजरेस पडली. गॅरेजमध्ये एका डब्यात जिवंत रातकिडे होते.

हा सरडा मिश्राहारी आहे. पिल्लाला रोज कीटक लागतात. वयात आल्यावर आहार मुख्यतः पानांचा होतो, परंतु कीटक पूर्णपणे वगळता येत नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की प्रमाण खाली आणता येईल, शून्यावर आणता येणार नाही. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. कीटक घालावेत तर त्रस जीवांची संकल्पपूर्वक हिंसा. न घालावेत तर अन्नपाननिरोध, तोही पाच अतिचारांतील एक. दुसऱ्याला देऊन टाकावा तर कृत टळेल, कारित आणि अनुमोदनेचे काय? रानात सोडावा तर न्यू जर्सीच्या पहिल्याच थंडीत तो मरेल.

ही कोंडी आपल्या समाजाला अगदीच अपरिचित नाही. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांच्या रुग्णालयात शाकाहारी पक्ष्यांना मुक्कामास ठेवतात. शिकारी पक्ष्यांवर औषधोपचार होतो, पण त्यांना आत ठेवून घेत नाहीत. दया नाकारलेली नाही आणि मर्यादाही सोडलेली नाही. घरात मात्र मुक्काम आधी झालेला असतो आणि मर्यादेचा विचार नंतर सुचतो.

त्या कुटुंबाने सरपटणाऱ्या प्राण्यांचा सांभाळ करणाऱ्या अनुभवी माणसाचा शोध सुरू केला. तसे ठिकाण मिळेपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेले किमान प्रमाण चालू ठेवावयाचे, ते काम मुलावर न टाकता वडिलांनी करावयाचे, आणि रोजच्या प्रतिक्रमणात त्याची आलोचना करावयाची, असे ठरले. हा मार्ग निर्दोष आहे असे त्यांतील कोणीही म्हटले नाही. अशा प्रसंगी आपापल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घेणे हेच श्रेयस्कर. मात्र एक गोष्ट वादातीत आहे : या प्रश्नाला स्वच्छ उत्तर होते ते प्राणी घरात येण्यापूर्वीच्या दिवशी. व्यापारी माणूस माल उचलण्याआधी त्याची साठवण, त्याची मुदत आणि त्यात अडकणारे भांडवल पाहतो. माल परत पाठविता येतो, तरीही तो पाहतो. जीव परत पाठविता येत नाही, आणि तेथे मात्र मुलाचा हट्ट पाहून होकार दिला जातो.

मुंबई-पुण्यातही आता विदेशी सरडे आणि कासवे पाळण्याची हौस शिरली आहे. त्यांच्या नोंदणीचे नियम आहेत, त्यांची चौकशी अगोदर करावी. आपल्याकडील पोपट किंवा तारांकित कासव घरात ठेवणे हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे, मग ते कितीही लाडाने ठेवलेले असो. मुलांना प्राण्यांची ओढ असणे ही दयेचीच पहिली खूण. तिला वाट देण्यासाठी पांजरपोळ आहे, अंगणातले पाण्याचे भांडे आहे, उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी टाकलेले धान्य आहे. आणि ज्यांच्या घरी असा जीव आधीच आलेला आहे, त्यांनी त्याची वही आजपासून लिहावयास घ्यावी.

आजोबा सांगलीला परतले त्याला आता काही महिने झाले. रविवारी फोन येतो तेव्हा नातू आधी वही उघडतो आणि आठवड्याची दोन्ही बाजूंची बेरीज वाचून दाखवितो. मागच्या रविवारी त्याने विचारले, "आजोबा, याच्यानंतर दुसरा आणायचा नाही, हे तुम्ही म्हणाला होता, ते मी वहीत पहिल्या पानावर लिहू का?"

"मी म्हणालो म्हणून लिहू नकोस," आजोबा म्हणाले. "तुला पटलं असेल तर लिही."

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग पाने उलटल्याचा आवाज आला.